नकारानंतर कॅमेरा कुठे जातो

सिनेमातला पुरुष बाईकडे कसा बघतो, हा विषय निघाला की बोलणं लगेच संवादांवर येतं. कुठलं वाक्य आक्षेपार्ह होतं, कुठल्या गाण्यातला कुठला शब्द खटकला, त्यावर कोण काय म्हणालं. संवाद हाताला पटकन लागतात, म्हणून असं होतं. पण पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा थिएटरमधून जे घेऊन बाहेर पडतो त्यातलं बरंचसं पडद्यावर कुणी उच्चारलेलंच नसतं. शॉट कुठे कापला, कॅमेरा कुणाच्या खांद्यावरून बघत होता, मागे व्हायोलिन वाजत होतं की नुसता पंख्याचा आवाज होता, यातून ते आलेलं असतं. म्हणून पडद्यावरच्या पुरुषाची वृत्ती तपासायची तर एक जागा नेमकी धरावी. ती 'नाही' म्हणते, त्यानंतरचा शॉट. तो तिच्या चेहऱ्यावर थांबतो की त्याच्या हसण्याकडे जातो? त्याच्याकडे गेला, की तिचा नकार ही त्याच्या गोष्टीतली एक अडचण होऊन बसते, आणि अडचण पार करणाऱ्याच्या बाजूने उभं राहायची सवय प्रेक्षकाला लहानपणापासून असते.

पाठलागाचं गाणं घ्या. चार-साडेचार मिनिटांचं. कॉलेजचं गेट, बसस्टॉप, देवळाच्या पायऱ्या, कुणाचं तरी लग्न, पाऊस, असे आठ-दहा तुकडे. प्रत्येक तुकडा दहा-पंधरा सेकंदांचा: तो दिसतो, ती वळून बघते, कपाळाला आठी पडते, तो हसतो, कट. कथेच्या हिशोबात यात दोन-तीन महिने गेलेले असतात. दुसऱ्या कडव्यात आठी सैल होते, शेवटच्या ध्रुवपदाला ती ओठ दाबून हसते. ही रचना इतकी पाठ झालेली आहे की त्यातून काय कापून टाकलंय ते दिसेनासं झालंय. दोन तुकड्यांच्या मधला तिचा सगळा वेळ कापलेला असतो.

तो वेळ ठाण्यात मांडून बघू. बारावीतली मुलगी, राम मारुती रोडवरचा क्लास, संध्याकाळी साडेसातला सुटतो. घर घणसोलीला. क्लासच्या खाली तो बाईकवर बसलेला आहे. ती गोखले रोडच्या गर्दीतून स्टेशनकडे निघते, मैत्रीण नौपाड्यातच राहते म्हणून ती मध्येच वळते. पुढचं अंतर एकटीने. सॅटिसखालची, म्हणजे स्टेशनबाहेरच्या उन्नत बसमार्गाखालची गर्दी, मग पूल, मग नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलचा प्लॅटफॉर्म. गाडीला अजून वेळ आहे. तो तीन खांब सोडून उभा. तो काही बोललेला नाही, हात लावलेला नाही, नुसता बघतोय. तिच्या डोक्यात हिशोब चालू असतो: लेडीज डबा इथे येतो की पुढे, त्यात आज बायका किती असतील. दिघा, ऐरोली, रबाळे, मग घणसोली. तोही उतरला तर? शेअर रिक्षात बसायचं की दादाला बोलवायचं? दादाला बोलवलं तर कारण सांगावं लागेल. कारण सांगितलं तर उद्या त्या मुलाचं काय होईल ते माहीत नाही, पण आपला क्लास बंद होईल, हे नक्की माहीत आहे. म्हणून ती दादाला बोलवत नाही.

हा चाळीस-पन्नास मिनिटांचा प्रवास, आठवड्यातून पाच दिवस, दोन-तीन महिने. गाण्यात याचे पंधरा सेकंद होतात आणि त्या पंधरा सेकंदांत तो गोड दिसतो. मुलगे दुष्ट असतात म्हणून पाठलाग करतात असं सरसकट मानायचं कारण नाही. यातल्या पुष्कळांना त्या प्रवासाचा पत्ताच नसतो, कारण तो त्यांना कुणी कधी दाखवलेलाच नसतो. त्यांनी बघितलेल्या प्रत्येक गोष्टीत मधला भाग कापलेला होता.

कायद्याने मात्र तो भाग धरला आहे. 2013च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत 354 ड हे कलम आलं. 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात तेच कलम 78 आहे. बाईने स्पष्ट नापसंती दाखवूनही पुरुष वारंवार तिच्या मागे जात असेल, जवळीक साधायला तिच्याशी संपर्क करत असेल किंवा करायचा प्रयत्न करत असेल, तर तो गुन्हा. तिच्या इंटरनेट-ईमेलच्या वापरावर नजर ठेवणं हेही त्यातच. पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पुन्हा ठरला तर पाच वर्षांपर्यंत. कलमातला 'वारंवार' हा मुद्दा महत्त्वाचा, कारण गाण्याचा सगळा डोलारा वारंवारपणावरच उभा असतो. एकदा विचारून, नाही ऐकून, निघून गेलेल्या मुलावर कुणी गाणं रचत नाही.

आता हे पडद्यावर घडतं कसं ते बघू. तंत्र कळलं की मोहिनी बरीच उतरते, निदान नजर तरी जागी होते. नायिकेची पहिली एन्ट्री बहुधा लांब पल्ल्याच्या लेन्सने घेतात, 85 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. त्या लेन्सने मागचा रस्ता, दुकानं, माणसं धूसर होतात आणि ती जगातून उचलून वेगळी काढल्यासारखी दिसते. शूटिंग सेकंदाला 48 किंवा 96 फ्रेमने करतात आणि दाखवतात 24ने, त्यामुळे तिने केस मागे टाकायला एक सेकंद घेतला असेल तर पडद्यावर दोन किंवा चार सेकंद लागतात. बघायला तेवढा जास्त वेळ मिळतो. कॅमेरा पायांपासून वर चढत शेवटी चेहऱ्यावर येतो, किंवा येतच नाही. नाचाच्या गाण्यात कंबर, पाठ, मान असे सुटे तुकडे येतात आणि मध्ये मध्ये बघणाऱ्या पुरुषांचे चेहरे. हे चेहरे फार काम करतात. प्रेक्षकाने कुठे बसायचं ते तेच सांगतात. सिनेमाच्या अभ्यासक लॉरा मल्वी यांनी 1975 साली 'पुरुषी नजर' म्हणून जे मांडलं, ते याच यंत्रणेबद्दल: कॅमेरा, नायक आणि प्रेक्षक तिघं एका रेषेत उभे राहतात आणि ती तिघांच्या समोर. उलट दिशेने बघायला तिला शॉट मिळाला आहे का, हे मोजता येतं. हातात कागद घेऊन प्रसंगाला रेघा मारत बसावं, त्याच्या डोळ्यांनी दिसलेले शॉट किती, तिच्या डोळ्यांनी दिसलेले किती.

आणि आवाज. आवाजाचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पाठलागाचा कुठलाही प्रसंग आधी आवाजासकट बघावा, मग आवाज पूर्ण बंद करून. गिटार गेली, बासरी गेली, की उरतो एक मुलगा जो एका मुलीच्या मागे चाललाय आणि ती पावलं भरभर उचलते आहे. प्रसंग तोच, अभिनय तोच. प्रेम आहे हे आपल्याला पार्श्वसंगीताने सांगितलेलं होतं.

याच कारणाने 'कुंकू' आजच्या मुलांना दाखवण्यासारखा आहे. 1937 सालचा, प्रभातचा, शांतारामबापूंचा. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. मामाने फसवून म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा त्याची बायको म्हणून राहायला नकार देते. शांता आपटेंची नीरा, केशवराव दात्यांचे काकासाहेब. चित्रपटभर पार्श्वसंगीत नाही. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, दाराची कडी, भांडी, एवढेच आवाज. त्यामुळे नीराच्या नकाराचं काय करायचं हे प्रेक्षकाला कुणी वाजवून सांगत नाही. आणि नवरा राक्षस नाही, यात त्या चित्रपटाचं खरं बळ आहे. आपण हे करायला नको होतं हे त्याला हळूहळू उमगत जातं. त्याच घरात त्याचा वयात आलेला मुलगा सावत्र आईवर वाईट नजर टाकतो, आणि मुलगी चित्रा नीराच्या बाजूने उभी राहते. चित्राचं काम केलं होतं शकुंतला परांजपे यांनी. र. धों. कर्व्यांच्या संततिनियमनाच्या कामात नंतर ज्या हिरिरीने उतरल्या, त्याच या शकुंतलाबाई. कर्वे 1927पासून 1953पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवत होते, त्यापायी कोर्टकचेऱ्या सोसत होते. मराठीत लैंगिक गोष्टींबद्दल सरळ, न लाजता बोलायची एक वाट तेव्हा निघाली होती. ती मोठी का झाली नाही, याचं वाईट वाटतं.

कारण नंतर आपल्या पडद्यावर शरीरसंबंध आले ते बहुतेक दोनच वाटांनी. एक द्व्यर्थी विनोद, दुसरी कट. दोन माणसं जवळ येतात, दिवा मालवतो किंवा खिडकीबाहेर वीज चमकते, आणि पुढच्या शॉटमध्ये सकाळ. सेन्सॉरच्या धाकाने ही रीत पक्की झाली, तशी ती सोयीचीही होती. पण त्या कटमध्ये नेमकी तीच गोष्ट नाहीशी झाली जी मुलग्यांनी बघायला हवी होती: विचारणं. 'चालेल ना?' असं म्हणणं, समोरची थबकली तर थांबणं, थांबल्यावर न रुसणं. कातडी दाखवायची की नाही हा वाद आपण पन्नास वर्षं घातला आणि संमतीचा एक मिनिटाचा संवाद मात्र लिहिला गेला नाही. ती रिकामी जागा आता मोबाइलवरचं पॉर्न भरून काढतं, आणि तिथे तर विचारण्याचा प्रश्नच नसतो. रवी जाधवांच्या 2013च्या 'बालक-पालक'मध्ये चाळीतली चार मुलं व्हिडिओ कॅसेट मिळवायला जी खटपट करतात ती आजच्या मुलाला करावी लागत नाही. मोठी माणसं गप्प बसली की मुलं दुसरीकडून शिकतात, हे त्यातलं दुखणं मात्र तसंच आहे.

चित्रीकरण कसं होतं हे मुलांना सांगितलं तर त्यांना नवल वाटतं, आणि ते नवल कामाला येतं. हल्ली अशा प्रसंगांसाठी इंटिमसी कोऑर्डिनेटर नेमतात. आधी दोन्ही कलाकारांशी वेगवेगळं बोलणं होतं: कुठे स्पर्श चालेल, कुठे नाही, कपडा कुठपर्यंत. ते लिहून ठेवतात. मग नाचाच्या स्टेप्ससारखी तालीम, कोणता हात कधी कुठे. सेटवर लागतील तेवढीच माणसं. शरीराला चिकटवायची झाकणं आणि मधे पॅडिंग असतं. ऐनवेळी एखादीला नको वाटलं तर ती थांबवू शकते. म्हणजे पडद्यावर जो पुरुष न विचारता पुढे सरसावतो, त्या नटाने प्रत्यक्षात प्रत्येक स्पर्श आधी विचारून घेतलेला असतो. एवढं एक वाक्य सोळा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात बरंच काही हलवतं.

एक पात्र सुटतं ते नायकाचा मित्र. त्याच्याकडे विनोदासाठी ठेवलेला माणूस म्हणून बघितलं जातं, आणि तिथेच चूक होते. तिच्या नकाराचा अर्थ लावून देणारा बहुधा तोच असतो. 'लाजतेय रे', 'मुली आधी नाहीच म्हणतात', 'बघ, वळून बघितलं'. नायकाच्या मनात जी शंका येऊ शकली असती ती तो येऊ देत नाही. प्रत्येक कट्ट्यावर, मग तो तलावपाळीचा असो की उपवनचा, हे काम करणारा एकजण असतो. म्हणून सिनेमात शोधावं की नायकाला 'सोड, तिला नकोय' असं म्हणणारं कुणी आहे का. असेल तर सिनेमा त्याला कसं वागवतो? बहुतेक वेळा तो भित्रा, जाड चष्म्याचा, पुढे ज्याची फजिती होते असा असतो. मुलगा बिघडतो तो नायक बघून, असं आपण म्हणतो. मला वाटतं या मित्राची ही अवस्था बघून तो जास्त शिकतो: असं बोललं की आपलं हसं होतं.

सभ्य पुरुष हा वेगळा प्रांत आहे आणि तिथे जास्त बारकाईने बघावं लागतं. 1995च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चा नायक नायिकेला पळवून न्यायला नकार देतो आणि बापाचं मन जिंकायला बसतो. त्या काळात ते फार सुसंस्कृत वाटलं, आजही वाटतं. पण शेवटी स्टेशनवर गाडी सुटताना तिचं मनगट बापाच्या हातात आहे. ते सुटतं ते त्याने सोडलं म्हणून. दोन भल्या पुरुषांनी मिळून चांगला निर्णय घेतला. 1982च्या 'उंबरठा'मधला नवरा वकील आहे, मृदू आहे, आवाज चढवत नाही. बायको सुधारगृहाच्या कामासाठी लांब जाते आणि परत येते तेव्हा तो आपल्या दुसऱ्या संबंधाबद्दल तिला सांगतो, शांतपणे, तिने समजून घ्यावं अशा अपेक्षेने. जब्बार पटेलांनी त्याला खलनायक केलं नाही, म्हणून तो अंगावर येतो. स्मिता पाटीलची सुलभा घर सोडते तेव्हा तिने नेमकं काय सोडलं, हे ओरडणाऱ्या नवऱ्याच्या गोष्टीत कधीच कळलं नसतं.

हे सगळं मुलांबरोबर बघायचं असेल तर सोसायटीच्या क्लबहाऊसची एक खोली पुरते. घोडबंदर रोडला, वाशी-नेरुळला अशा खोल्या आठवडाभर रिकाम्या असतात. सात-आठ मुलं, नववी ते बारावी, दीड तास. अख्खा सिनेमा लावू नये. सिनेमा संपेपर्यंत बोलायचा वेळ संपलेला असतो आणि मुलं कथेवर बोलतात. दोन-तीन मिनिटांचा एकच प्रसंग घ्यावा आणि तो तीनदा बघावा. एकदा जसा आहे तसा. एकदा आवाज बंद करून. तिसऱ्यांदा फक्त तिच्याकडे बघत, ती चौकटीच्या कडेला असली तरी, धूसर असली तरी. तिसऱ्या वेळी खोलीत बहुधा शांतता असते, कारण मुलांना ती पहिल्यांदाच दिसलेली असते. स्पीकर जरा बरा हवा, मोबाइलच्या आवाजावर हा प्रयोग बसत नाही, कारण काय काढून घेतलं ते जाणवतच नाही.

बिघडतं ते ठरावीक जागी. सगळ्यात आधी, मोठा माणूस पहिल्या पाच मिनिटांत निकाल सांगून टाकतो. 'बघा, हे कसं चुकीचं आहे.' मुलं मान हलवतात आणि बंद होतात. त्याऐवजी मोजायला लावावं: शॉट किती, ती किती वेळा बोलली, नाही म्हटल्यावर पुढचा शॉट कुणाचा. आकडा त्यांनी स्वतः काढलेला असला की ते त्याला जागतात. दुसरं, मुलांच्या आवडत्या हीरोपासून सुरुवात केली जाते. मग सगळी संध्याकाळ त्याच्या वकिलीत जाते. आधी अनोळखी भाषेतला किंवा जुना चित्रपट घ्यावा, लाडका नट तिसऱ्या-चौथ्या वेळी. तिसरं आणि सगळ्यात वाईट: गटात दोन मुली असल्या की 'तुला मुलगी म्हणून काय वाटतं' असं विचारलं जातं. तिने सगळ्या मुलींच्या वतीने साक्ष द्यायची, तीही ज्या मुलांबरोबर उद्या तिला लिफ्टमध्ये उभं राहायचंय त्यांच्यासमोर. हे करू नये. प्रश्न मुलग्यांना विचारावा: ती या क्षणी काय हिशोब करत असेल? प्लॅटफॉर्मचा तो हिशोब त्यांनी स्वतः मांडून बघू दे, गाडीच्या वेळेसकट.

कायद्याचं बोलणं आलंच तर आडपडदा न ठेवता सांगावं. 2012च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठराच्या आतली व्यक्ती बालक आहे, तिची संमती कायद्यात धरली जात नाही, दोघांची मर्जी असली तरी. अकरावी-बारावीतल्या पुष्कळ मुलांना हे माहीत नसतं. धमकीच्या सुरात सांगितलं तर ते फक्त लपवायला शिकतात.

मारहाणीचा प्रसंग निवडायचा तर थपडेनंतर सिनेमा किती वेळ देतो ते बघावं. 2020च्या 'थप्पड'मध्ये पार्टीत एक चापट बसते आणि उरलेला चित्रपट जवळजवळ सगळा तिच्या नंतरचा आहे: दुसऱ्या दिवशीचा चहा, सासू, आई, वकील. 2019च्या 'कबीर सिंग'ने थपडेला प्रेमाच्या आवेगात बसवलं. प्रमाणपत्र 'ए' होतं, म्हणजे अठराच्या आतल्या कुणाला थिएटरात प्रवेश नव्हता. पण शाळेतल्या मुलांना त्यातले प्रसंग पाठ आहेत, कारण ते त्यांच्यापर्यंत मोबाइलवरून, तुकड्यांनी आले.

आणि आज खरं काम या तुकड्यांवरच करावं लागतं. तीस सेकंदांच्या रीलमध्ये प्रसंगाच्या आधीचं कारण नसतं, नंतरचा परिणाम नसतो, वर भलतंच गाणं चढवलेलं असतं. जो सिनेमा आपल्या नायकाबद्दल साशंक होता त्याचीही रील नायकाची आरती होऊन जाते. दोन-तीन बैठका झाल्या की मुलांनाच रील आणायला सांगावी आणि मूळ सिनेमा शोधून त्या तुकड्याच्या आधीची दहा मिनिटं आणि नंतरची दहा मिनिटं लावावीत. नागराज मंजुळेंच्या 'सैराट'ची गाणी हमखास येतात. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, वर्गात परश्याकडे टक लावून बघते, आणि कॅमेरा तिच्या बाजूने बघतो, हे 2016 साली किती नवं होतं ते आधी मनापासून बघावं. मग हैदराबादचा भाग लावावा. तिथे तोच लाजाळू, कविता करणारा परश्या संशयाने पेटून तिच्यावर हात उचलतो आणि ती निघून जाते. बहुतेक मुलांनी सिनेमा पाहिलेला असतो, पण हा भाग त्यांना आठवत नाही. तिथे थांबवून विचारावं, की थपडेनंतर मंजुळेंनी कॅमेरा कुणावर ठेवलाय.